विमानतळाचं नाव आणि निवाड्यातलं नाव

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला याचा मला मनापासून आनंद झाला, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की हा माणूस साताऱ्यात बसून चांगल्या कामाला नाट लावतोय. तो विमानतळ मुंबईकरांचा जेवढा, तेवढाच आमचाही आहे. जावळी-पाटणच्या कुठल्याही वाडीत जा, मुंबईच्या नाहीतर वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहिलेला माणूस भेटणारच. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना एकत्र बांधलं, 1969 ला माथाडी कायदा झाला आणि मग कोपरखैरणे, घणसोलीत आमच्या माणसांची हक्काची घरं झाली. त्या माथाड्यांची नातवंडं आज दुबईला, जर्मनीला जातात.

पोराला विमानाला सोडायला साताऱ्याहून निघालं की पनवेलपर्यंत जीव निवांत असायचा. खरी धाकधूक त्याच्या पुढं. वाशीचा पूल, चेंबूर, कुर्ला, मग सहार. विमान पहाटेचं असलं तरी आम्ही आदल्या दुपारीच गाडी काढायचो, कारण पुढं कुठं अडकू याचा भरवसाच नसायचा. आता पनवेल आलं की पोचलोच. ज्यानं कधी गाडीत आईला मागच्या सीटवर बसवून, वर बॅगा बांधून, घड्याळाकडं बघत तो प्रवास केलाय त्यालाच याची किंमत कळेल.

आणि गरज तर होतीच. मुंबईच्या जुन्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवरून 8 डिसेंबर 2018 या एका दिवसात 1007 विमानं चढली-उतरली. हिशेब केला तर दीड मिनिटसुद्धा मध्ये मिळालं नाही. वाढवायचं म्हटलं तर चारी बाजूंनी वस्ती भिंतीला टेकलेली. नवी मुंबईत दोन्ही धावपट्ट्या समांतर आखल्यात, प्रत्येकी 3700 मीटरच्या, म्हणजे दुसरी तयार झाली की दोन्हींवर एकदमच काम चालेल. सध्या एक धावपट्टी आणि एक टर्मिनल आहे, वर्षाला 2 कोटी प्रवाशांची सोय. सगळे टप्पे पुरे झाले की 9 कोटी. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्‌घाटन झालं, 25 डिसेंबरला प्रवासी विमानं उडायला लागली. पुढच्या टप्प्यांची बोलणी चालू आहेत, आणि माझं म्हणणं या पुढच्या टप्प्यांबद्दलच आहे.

जानेवारीत चुलतभावाकडं गेलो होतो. तो पनवेलजवळ राहतो. आमचं घराणं मूळचं बामणोलीच्या बाजूचं, कोयनेच्या खोऱ्यातलं, मग तो तिकडं कसा, असं आमच्या भागात कुणी विचारणार नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेचं पाणी अडवलं आणि शंभरेक गावांना धरणाची झळ बसली. माणसं ठाण्याला, रायगडला, सोलापूरला, सांगलीला पांगली. काही कुठंच गेली नाहीत, पाणी जसं चढलं तशी डोंगरात वर सरकली. माझे आजोबा वर सरकले, त्यांचे धाकटे भाऊ रायगड जिल्ह्यात गेले. दोन सख्खे भाऊ पुढं लग्नकार्यालाच भेटायचे. चुलतभावाची पोरं आता आगरी पोरांसारखीच बोलतात. कानाला गोड लागतं ते, पण आपल्याच रक्ताचं बोलणं एका पिढीत बदललेलं ऐकलं की आत कुठंतरी कालवतं.

भावाच्या इमारतीत एक आजी आहेत. विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एका गावच्या. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचं ओवळं, तरघर, कोंबडभुजं, गणेशपुरी, उलवं, वाघिवली आणि वाघिवलीवाडा ही ती गावं. तीनेक हजार कुटुंबं. आजींच्या फ्लॅटच्या दाराशी मी थबकलो. इमारतीतली बाकी सगळी दारं सारखी, लॅमिनेटची. यांच्या दाराला मात्र सागाची जुनी, जाड, काळपट चौकट. वरच्या पट्टीवर कोरलेला गणपती, हळदकुंकवानं अर्धा बुजलेला. चौकट नव्या भोकापेक्षा मोठी होती म्हणून सुतारानं दोन्ही उभ्या दांड्यांचा खालचा भाग कापला. ते कापलेले दोन तुकडेही आजींनी टाकले नाहीत, देव्हाऱ्याखाली पाट म्हणून ठेवलेत.

मला तिथंच आमची आजी आठवली. तिला घरातलं सगळं आणता आलं. जातं आणलं, पाटा आणला, तुळशीवृंदावनातला दगडसुद्धा आणला. उखळ तेवढं राहिलं, कारण ते जमिनीत पुरलेलं होतं. शेवटपर्यंत म्हणायची, बाकी सगळं मिळालं रे, माझं उखळ पाण्यात गेलं.

संध्याकाळी आजींनी आम्हाला गच्चीवर नेलं. विमानं उतरताना दिसत होती. त्यांनी बोट दाखवलं, त्या दिव्यांच्या ओळीच्या अलीकडं आमचं घर, आणि त्याच्या मागं डोंगर होता. आता डोंगर नाही. उलव्याची नव्वदेक मीटरची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचं पात्र वळवलं. गाव हलतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण आपल्या गावावर निदान पाणी आहे, उन्हाळ्यात पाणी हटलं की वरचे डोंगर बघून अंदाज बांधता येतो, इथं देऊळ, तिथं माळ. आजींना अंदाज बांधायला डोंगरही राहिला नाही, तरी त्यांनी बोट बरोबर एका जागी धरलं होतं. त्या बोलताना कडवटपणा नव्हता. नातू विमानतळावर कामाला लागावा एवढीच इच्छा.

आता दि. बा. पाटलांबद्दल, ज्यांचं नाव या विमानतळाला द्यावं म्हणून आंदोलन झालं. आमच्याकडं हे नाव फक्त आंदोलनाच्या बातमीपुरतं माहीत आहे, म्हणून चार ओळी. उरण तालुक्यातल्या जासईचे, जन्म 13 जानेवारी 1926, म्हणजे यंदा शंभर वर्षं झाली. शेकापचे, पेशानं वकील, आमदार झाले, खासदार झाले, विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. नवी मुंबई वसवायला सिडकोनं 95 गावांच्या जमिनी घ्यायला घेतल्या तेव्हा या माणसानं शेतकऱ्यांना उभं केलं. 1984 च्या जानेवारीत 16 आणि 17 तारखेला जासईला, दास्तान फाट्यावर गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या रक्तातून जे मिळालं त्याला तिकडं सगळे नुसतं ‘साडेबारा टक्के’ म्हणतात. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून शेतकऱ्याला परत. विमानतळाच्या वेळी तेच प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेलं.

या आकड्यामागचा विचार मला फार मोठा वाटतो. तोपर्यंत रीत एकच होती. जमिनीची किंमत सरकार ठरवणार, पैसे हातावर ठेवणार, पुढं त्या जमिनीचं सोनं झालं तरी तुझा संबंध संपला. दि. बां.नी सांगितलं, संबंध संपत नाही. शहर वाढेल तसा जमीन देणाऱ्याचा हिस्साही वाढला पाहिजे. आम्हा कोयनेच्या माणसांना हा विचार ऐकायलाही मिळाला नव्हता. महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा कायदा 1976 चा, आमची गावं त्याच्या कितीतरी आधी बुडाली. अख्ख्या महाराष्ट्राला वीज देणाऱ्या धरणाच्या माणसांना 2018 मध्ये धरणग्रस्तांच्या चळवळीतल्या डॉ. भारत पाटणकरांच्या बरोबर कोयनानगरला ठिय्या देऊन बसावं लागलं, तेही जमीन द्या म्हणून, साठ वर्षांनी. तेव्हा मी दोन दिवस तिथं होतो. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते, आणि तो जेवतानाही ती पिशवी मांडीवरून खाली ठेवत नव्हता.

त्या पिशवीत काय असतं ते मला माहीत आहे, कारण आमच्या घरी तशीच एक पत्र्याची पेटी आहे. निवाड्याची, म्हणजे जमीन घेतल्याच्या सरकारी आदेशाची नक्कल, सातबारा, फेरफार, धरणग्रस्ताचा दाखला, वारसांची नावं. आमचं अडलं ते एका अक्षरावर. निवाड्यात आजोबांचं नाव घरी हाक मारायचे तसं लिहिलंय. पुढं रेशनकार्डावर आणि मतदारयादीत त्याच नावाच्या शेवटी ‘बा’ लागला. कचेरीतला माणूस म्हणाला, ही दोन वेगळी माणसं आहेत. प्रतिज्ञापत्र झालं, गावच्या चार वयस्कर माणसांचा पंचनामा झाला, पेपरात जाहीर नोटीस झाली. त्यात साहेब बदलले आणि फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर. बाबा अकरा वर्षं त्या ‘बा’च्या मागं फिरले. नाव जुळलं तेव्हा आजोबांना जाऊन सात वर्षं झाली होती. मी कोणत्या कचेरीचं नाव घेत नाही, सगळीकडं तेच आहे. पण एवढं कळलं, की हिस्सा कितीही टक्के असू दे, तो मिळतो नावाला. नाव चुकलं की साडेबावीस टक्केही शून्यच.

म्हणून विमानतळाच्या नावाचा वाद मी इतक्या आपुलकीनं बघतो. 24 जून 2021 ला, दि. बां.च्या स्मृतिदिनी, भूमिपुत्रांनी सिडको भवनाला घेराव घातला होता. 2022 ला विधिमंडळात त्यांच्या नावाचा ठराव झाला. तरी उद्‌घाटनाच्या दिवशी नावाची अधिसूचना निघालेली नव्हती. त्यांचं नाव त्या इमारतीवर लागलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. जमिनीच्या मालकाला भागीदार मानायला ज्यानं लावलं त्याचंच नाव त्या जमिनीवर शोभतं.

पण दि. बा. आज असते तर नावाच्या पाटीवर थांबले असते असं मला वाटत नाही. वकील माणूस, त्यांनी आधी यादी मागितली असती. तीच मागणी मी करतो. दुसऱ्या धावपट्टीचं आणि पुढच्या टर्मिनलचं काम जोरात सुरू होण्याआधी त्या दहा गावांची यादी सगळ्यांसमोर लागली पाहिजे. कुणाची किती जमीन गेली, किती भूखंड मिळाला, ताबा मिळाला का, वारस कोण, अडलं असेल तर कशावर अडलं. नाव जुळत नाही म्हणून थांबलेल्या फायलींसाठी अधिकाऱ्यांनी त्या लोकांच्या वस्तीत येऊन बसावं, चार म्हाताऱ्यांना समोर बसवून विचारावं. हा माणूस तोच का, हे जिवंत म्हाताऱ्यांनाच माहीत असतं, आणि ती माणसं दर वर्षी कमी होतायत. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं वारसांत आली का, तेही त्यात दिसू दे. आमच्याकडं आत्याचं नाव कुणी घातलंच नव्हतं. तिनं कधी तोंडानं मागितलं नाही. माझ्या मनात ते अजून सलतं.

आणि खाडीवर पोट भरणारे. त्यांच्यासाठी टक्क्याची भाषाच चालत नाही, कारण खाडीचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो. त्या गच्चीवरच्या आजींचे मालक निवट्या, चिंबोऱ्या धरून बाजारात न्यायचे. शेती नावापुरती. ज्याची जमीन गेली त्याचा निदान कागद आहे, ज्याची खाडी गेली त्याला आपण कोण होतो हेच सिद्ध करता येत नाही. यावर उपाय काय, याचं तयार उत्तर माझ्याकडं नाही, पण 9 कोटी प्रवाशांचं गणित ज्यांना मांडता येतं त्यांना हे मांडता येणार नाही असं मी मानत नाही.

हे सगळं साताऱ्यातून लिहितोय त्याला अजून एक कारण आहे. कराडजवळ वारुंजीला धावपट्टी आहे. तीही कोयना प्रकल्पाच्या काळातली, धरणाच्या कामासाठी केलेली. ती वाढवायची म्हणून किती वर्षं चर्चा चालू आहे आणि तितकीच वर्षं तिथले शेतकरी विरोध करतायत. कृष्णा-कोयनेच्या काठची बारमाही पाण्याची जमीन, ऊस, भाजी. विरोध करणाऱ्यांना विकासाचे शत्रू म्हणणारे लोक मी इथं फेसबुकवरच पाहिलेत. त्यांना विनंती आहे, आधी एखाद्या धरणग्रस्ताच्या घरची पेटी उघडून बघा. विमानतळ कराडला व्हावा की नको, याबद्दल माझ्या घरातही दोन मतं आहेत. पण झाला तर रोख पैसे देऊन संबंध तोडायचा व्यवहार आता चालणार नाही, वाढत्या हिश्श्याचाच झाला पाहिजे, याबद्दल एकच.

वारुंजी, केसे, मुंढे भागात तुमचं कुणी पाहुणं असेल तर माझं एक काम करा. त्यांना सांगा, सातबारा काढा, त्यावरचं आजोबांचं नाव आणि बाकी कागदांवरचं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. वारसनोंद राहिली असेल तर याच महिन्यात तलाठ्याकडं अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. बहिणींची नावं घाला. गावातली ऐंशीच्या पुढची माणसं आज बोलती आहेत, त्यांच्याकडून लिहून घ्या.