चालता तास बंद कसा पाडावा

राजा, उरलेल्या महाराष्ट्रातली पोरं जूनच्या मध्यावर शाळेत जाऊन बसतात आणि आपल्या विदर्भात ऊन उतरेपर्यंत, म्हणजे जूनअखेरपर्यंत, दाराला कुलूप. दहा-बारा दिवस असे आयतेच वाया जातात. पण तेवढ्यावर समाधान मानणारा तू नाहीस. उरलेलं वर्ष स्वतःच्या हाताने वाया घालवायचं असतं, आणि त्याला मेहनत लागते.

सुरुवात उशिरा येण्यापासून कर. सर फळ्यावर भिंगाची आकृती काढत असतात, किरण नाभीपाशी पोचायलाच आलेला असतो, त्या क्षणी दारातून ओरडायचं, "मे आय कम इन सर?" कारण विचारलं तर, "रस्त्याचं काम सुरू आहे सर." नागपुरात या कारणावर कोणी शंका घेऊच शकत नाही. मग शेवटच्या बाकापर्यंत जाता जाता तिघांच्या डोक्यात टपली. झाली पाच मिनिटं. तुला वाटेल, पाचच? हिशेब कर. दिवसाला चाळीस मिनिटांचे आठ तास. दर तासाला पाच मिनिटं गेली तर रोजचा एक अख्खा तास गेला. आणि तुझी पाच मिनिटं तुझी एकट्याची नसतात. वर्गात साठ पोरं असतील तर तीनशे मिनिटं, म्हणजे घड्याळाचे पाच तास, तू एका फेरीत उडवलेस. एवढी उधळपट्टी तुझ्या बाबांनाही परवडत नाही.

मोबाइलला शाळेत बंदी असते, म्हणून तर तो आणायचा. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटलंय की एकदा लक्ष उडालं की पुन्हा अभ्यासावर यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. चाळीस मिनिटांच्या तासाला दोन नोटिफिकेशन पुरेत, तिसरं कशाला? फक्त रील एकट्याने पाहू नकोस, मागच्यालाही दिसेल असा धर. कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक प्रयोग छापला होता. व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर भलतंच करणाऱ्यांचे गुण तर कमी आलेच, पण ज्यांना नुसती त्यांची स्क्रीन दिसत होती त्यांचेही सुमारे सतरा टक्क्यांनी कमी आले. बिचाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं, फक्त जागा चुकली होती. दुसऱ्याचे मार्क इतक्या स्वस्तात घालवायची सोय आणखी कुठे आहे?

आता धोका. काही मॅडमना डोक्यामागेही डोळे असतात. फळ्याकडे तोंड करून त्या तुझं नाव घेतात. यांच्यापासून सांभाळून. जेकब कुनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रण करून १९७० मध्ये मांडलं होतं की शांत वर्ग आणि गोंधळी वर्ग यांतला फरक गोंधळ झाल्यावर शिक्षक कसा रागावतो यात फारसा नसतो. सगळीकडे त्याचं लक्ष आहे हे पोरांना आधीच कळतं का, यात असतो. म्हणजे आरडाओरडा करणाऱ्या सरांना भिऊ नको, ते तुझंच काम करून राहिले आहेत. तू एक वाक्य बोलायचं, ते दहा मिनिटं बोलतात. (छडी कायद्याने गेली ते बरंच झालं. तिनेही वर्ग गप्प व्हायचा, शिकायचा नाही.)

संध्याकाळी ट्यूशनला मात्र हे प्रयोग करू नको. तू करतही नाहीस म्हणे. तिथे दोन तास चुपचाप बसतोस.

सगळ्यात कठीण कामगिरी शेवटी सांगतो. दुसऱ्या बाकावर एक मुलगी असते. सगळं सुरळीत बुडत असताना ती हात वर करते. "सर, वस्तूचं अंतर ऋण का घ्यायचं?" प्रश्न चांगला आहे, म्हणून तो वेळीच मारायला हवा. उत्तर सोपं आहे, अंतरं भिंगाच्या मध्यापासून मोजतात, डावीकडची ऋण धरतात आणि वस्तू डावीकडे असते. पण ते तिच्या कानावर पडायच्या आत तू म्हणायचं, "काऊन विचारून राहिली वं? घंटी होऊन राह्यली ना!" वर्ग हसतो. सरही फळ्याकडे तोंड करून हसतात. हसलो होतो मी, खोटं कशाला बोलू? घंटा झाली, मी खडू ठेवला आणि पुढच्या वर्गावर गेलो.

तिने पुन्हा हात वर केला नाही. पूर्वपरीक्षेच्या पेपरात तिने वस्तूचं अंतर धन लिहिलं होतं, पुढचं सगळं गणित अगदी नेटकं. तुझाही पेपर मीच तपासला. तू ते गणित सोडवलंच नव्हतंस, राजा, त्यामुळे तुझं चिन्ह चुकलं नाही.