भाषांतर जुळलं, आता सरासऱ्या काढा? थांबा जरा

ग्रंथालय व माहितीशास्त्रातल्या संशोधक विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे: ‘आंतरसांस्कृतिक अभ्यास सोपा असतो. नावाजलेली प्रश्नावली घ्या, भाषांतर करा, दुसऱ्या कुणाकडून ते परत मूळ भाषेत करून घ्या. जुळलं की दोन्ही देशांतल्या वाचकांकडून भरून घ्या आणि सरासऱ्या ताडून बघा. फरक दिसला तर तो संस्कृतीचा.’ ऐकायला सुटसुटीत, वेळेत प्रबंध पुरा करायचा असेल तर मोहात पाडणारा. मीही एकेकाळी याच वाटेने गेलो आहे, म्हणून प्रत्येक पायरी कुठे निसरडी आहे ते सांगतो.

‘उलट भाषांतर जुळलं म्हणजे प्रश्न तोच राहिला.’ इथे गंमत अशी की भाषांतर जितकं शब्दाला शब्द, तितकं ते छान जुळतं. ‘माहिती साक्षरता’ (हवी ती माहिती शोधून, पारखून वापरता येणं) हा शब्द घ्या. कुठल्याही भाषांतरकाराला द्या, तो परत इंग्रजीत नेमका मूळच्याच शब्दावर येईल. पण मराठी वाचकाला ‘साक्षरता’ म्हटल्यावर अक्षरओळख आठवते. ‘तुमची माहिती साक्षरता कशी आहे?’ या प्रश्नावर पदवीधर माणूस सर्वांत वरच्या पर्यायावर खूण करून मोकळा होतो, कारण लिहिता-वाचता येतं की नाही असंच विचारलंय असं त्याला वाटतं. ‘ग्रंथालय’चंही तेच. एकाच्या डोळ्यांसमोर पुस्तकांची कपाटं येतात, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर अभ्यासिकेतली खुर्ची. उलट भाषांतर दोन भाषांतरकारांचं एकमत दाखवतं, उत्तर देणाऱ्याला काय कळलं ते नाही. रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये ही पद्धत नीट मांडली, तेव्हा प्रत्यक्ष लोकांवर पूर्वचाचणी घेण्याचाही आग्रह धरला होता. आपण सोयीचं तेवढं उचललं.

‘मापनी नावाजलेली असली की कुठेही चालते.’ शॅरन बॉस्टिक यांची ग्रंथालय-भीती मोजणारी मापनी १९९२ ची. ४३ विधानं, ५ घटक (एकाच गोष्टीशी जोडलेल्या विधानांचे गट): कर्मचाऱ्यांची भीती, स्वतःच्या कुवतीबद्दल शंका, यंत्रांची अडचण वगैरे. शोहाम आणि मिझराची यांनी ती इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांसाठी हिब्रूत आणली. त्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३५ विधानं आहेत आणि घटक निघाले ७. त्यांतला एक होता भाषा. शोध इंग्रजीत घ्यायचा, साहित्य इंग्रजीत वाचायचं, याचं दडपण. मूळ मापनीत या घटकाला जागाच नव्हती, कारण ती ज्यांच्यासाठी बनली त्यांच्यापैकी बहुतेकांना हा प्रश्न पडत नव्हता. मूळ मापनी जशीच्या तशी भाषांतरित करून पाचच घटकांची बेरीज केली असती, तर आकडे मिळाले असते आणि हे दडपण मात्र दिसलंच नसतं. मला या साऱ्या वादात हेच उदाहरण सर्वांत बोलकं वाटतं.

‘सरासऱ्यांची थेट तुलना करता येते.’ तराजूला पासंग आहे का, हे आधी बघावं लागतं. काही समाजांत लोक टोकाचे पर्याय सहज निवडतात, काहींत मधल्यावर थांबतात, काहींत विचारणाऱ्याचा मान राखून ‘सहमत’ म्हणतात. त्यातून प्रश्नावली ग्रंथपालांनीच हातात दिली असेल तर बघायलाच नको. म्हणून मापन-समतुल्यता, म्हणजे मापनी दोन्ही गटांत सारखंच मोजते का, हे तीन पायऱ्यांनी तपासतात: घटकांची रचना तीच आहे का, प्रत्येक विधानाचा घटकाशी संबंध तितकाच घट्ट आहे का, आणि शून्याची जागा एकच आहे का. सरासऱ्यांची तुलना करण्याचा हक्क तिसऱ्या पायरीवर मिळतो. कित्येक प्रबंध पहिलीसुद्धा तपासत नाहीत.

‘उरलेला फरक संस्कृतीचा.’ की वयाचा, विद्याशाखेचा, इंटरनेटच्या वेगाचा? आणि इथे हमखास हॉफस्टेड यांचे, देशांच्या संस्कृतींतला फरक आकड्यांत मांडणारे निर्देशांक चिकटवले जातात. ते निघाले आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या १९६७ ते १९७३ दरम्यानच्या उत्तरांतून. शिवाय ते देशाच्या पातळीवरचे आहेत. त्यांवरून एकेका वाचकाचा स्वभाव सांगू नये, हे खुद्द हॉफस्टेड यांनी बजावलं होतं.

मग तुलना सोडूनच द्यायची का? मुळीच नाही. युरोपातल्या अनेक देशांत होणाऱ्या ‘युरोपियन सोशल सर्व्हे’ या सर्वेक्षणामध्ये दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे मसुदे करतात, मग एकत्र बसून वाद घालतात, निर्णय लागतो, पूर्वचाचणी होते आणि सगळ्याची नोंद राहते. एकट्या विद्यार्थ्याला एवढं झेपणार नाही. पण प्रत्येक भाषेतल्या आठ-दहा वाचकांसमोर प्रश्न ठेवून ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ एवढं विचारणं कुणालाही जमेल.

दुसरा उपाय राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडला. स्वतःबद्दल विचारताना सगळ्यांसमोर एकच काल्पनिक प्रसंगही ठेवायचा. समजा: ‘एका वाचकाला पुस्तक यादीत सापडलं, कपाटात सापडलं नाही. कर्मचाऱ्याने दुसऱ्या दिवशी ते शोधून दिलं. या सेवेला नऊपैकी किती गुण?’ एका गटाने ८ दिले आणि दुसऱ्याने ५, तर दोघांनी आपापल्या ग्रंथालयाला दिलेल्या गुणांमधला फरक वाचण्याआधी हे तीन गुण कुठून आले ते शोधावं लागेल.