प्रतिक्रियेला उत्तर : केजचं सोयाबीन आणि पेरूचा समुद्र

दादा, नमस्कार.

समुद्राच्या प्रवाहांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत : "आमचं सोयाबीन ऑगस्टात करपतंय आणि तुम्ही पेरू देशाचा समुद्र सांगताय. केजच्या शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? आणि १९९७ ला एवढा मोठा एल निनो आला, तरी देशात पाऊस पडलाच की!"

एल निनो म्हणजे पेरूजवळचा प्रशांत महासागर नेहमीपेक्षा तापणं. १९९७ चं तुमचं म्हणणं खरं आहे. त्या वर्षी देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के होता. "एल निनो आला की दुष्काळ ठरलेला" हे माझं वाक्य चूक होतं, ते मी दुरुस्त केलंय. त्या साली हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग नेहमीपेक्षा तापलेला आणि सुमात्राकडचा थंड होता. त्याने आपल्या पावसाला हात दिला, असं अभ्यासक मानतात.

पण संबंध नाही, हे मात्र मला पटत नाही.

माझी आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मिलो ज्वारीची भाकरी खाल्ल्याचं ती शेवटपर्यंत सांगायची. त्याच सुमाराला पेरूच्या किनाऱ्यावर कोळ्यांची जाळी रिकामी येत होती. १९७० च्या आसपास तिथे वर्षाला १ कोटी टनांवर अँकोव्हेटा ही छोटी मासळी निघायची, ती १९७३ मध्ये २० लाख टनांच्या आसपास आली. अतोनात मासेमारीही त्याला कारण होती, पण घाव एल निनोचा बसला.

एरवी प्रशांत महासागरावर विषुववृत्तालगत वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि वरचं तापलेलं पाणी इंडोनेशियाकडे लोटत राहतात. तिकडची पातळी पेरूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच होते. इकडे पेरूजवळ मोकळ्या झालेल्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. त्यात खतासारखी पोषकद्रव्यं असतात, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यावर मासळी. वारे मंदावले की ऊन पाणी पूर्वेकडे सरकतं, तोच एल निनो. थंड पाणी वर यायचं थांबतं, मासळी उपाशी. आणि ज्या ऊन पाण्यावर ढग उभे राहायचे, ते ढगही त्याच्यामागे जातात. आपल्या बाजूला हवा खाली बसायला लागते. अशा हवेत ढग वाढत नाहीत. मराठवाडा आधीच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, त्यामुळे पावसात पडलेला खंड आपल्याला फार लवकर भोवतो. २०१५ ला हेच झालं, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा धागा सापडला तो आपल्याच दुष्काळांमुळे. १८९९ च्या भीषण दुष्काळानंतर, १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. आपला पाऊस का दगा देतो हे शोधताना त्यांना दिसलं, की प्रशांत आणि हिंदी महासागरांवरचा हवेचा दाब तराजूसारखा वरखाली होतो. पुढे १९६० च्या दशकात याकोब ब्यर्कनेस यांनी तो तराजू पेरूजवळच्या ऊन पाण्याशी जोडला.

हे ऐकून केजात अमुक तारखेला पाऊस येईल, असं कुणालाच सांगता येणार नाही. पण मे महिन्यात प्रशांत तापत असल्याची बातमी आली, तर मी सगळं रान सोयाबीनखाली घालणार नाही, तुरीचे तास वाढवीन आणि ओल पुरती खोल गेल्याशिवाय तिफण धरणार नाही.

यंदा तुमच्याकडे किती दिवसांची उघडीप पडली आणि तेव्हा पीक फुलात होतं की शेंगात, तेवढं कळवा. पुढचा लेख त्यावरच लिहायचा आहे.