बेव्हिन १९४० च्या आधीच मोठे होते
चर्चिल यांनी १९४० मध्ये मंत्री केलं म्हणून ब्रिटिश कामगार नेते अर्नेस्ट बेव्हिन मोठे झाले, हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. १९२० ची गोदी कामगारांच्या मजुरीची चौकशी कशी काय राहून गेली? कामगाराच्या कुटुंबाला किती पैसे पुरतात, याचा हिशेब एका प्राध्यापकांनी मांडला होता. बेव्हिन यांनी तेवढ्यात बसेल तेवढंच अन्न आणून शिजवलं आणि त्या ताटल्या थेट चौकशी मंडळापुढे ठेवल्या. एवढ्याशा तुकड्यावर माणूस दिवसभर ओझी वाहील का, हा त्यांचा सवाल. शेवटी रोजच्या १६ शिलिंगांची शिफारस मिळवलीच! अकराव्या वर्षी शाळा सुटलेला माणूस हा.

माझे वडील हमाली करायचे. चार भाकऱ्या संपल्या तरी ते टोपल्याकडे बघायचे.