पाच रुपयांचा पुडा आणि मेथीची जुडी

एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपांवर आला. चिप्सचा पाच रुपयांचा पुडा, शेजारी मेथीची जुडी आणि खाली मजकूर: ‘चांगलं खाणं महाग नाहीच. रेशन फुकट आहे, भाजी शेतकऱ्याकडून थेट मिळते. गरिबांकडे कमी आहे ती अक्कल.’

जुडी पाच रुपयांना कुठे मिळते ते मलाही कळवा, पिशवी घेऊन येतो. पण जुडीचं सोडा, ताटाचं बोलू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या दिवसभराच्या आहारात मोठ्या माणसाला ४०० ग्रॅम भाज्या, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ३०० मिली दूध आणि १०० ग्रॅम फळं लागतात. घरात चौघं धरा. भाजी ४० रुपये किलो, डाळ १५०, दूध ६०. भाव मुद्दाम उतरतेच घेतलेत. भाजीचे ६४, डाळीचे ५१, दुधाचे ७२, म्हणजे रोजचे १८७. महिन्याचे साडेपाच हजारांच्या वर, आणि यात फळ, तेल, गॅस काहीच नाही. पोरांचं ताट लहान म्हणून हजार-दीड हजार वजा करा हवं तर. उरलेले चार हजार धुणीभांडी करणारीने खोलीभाडं भरून कुठून आणायचे?

रेशन फुकट आहे, हे खरं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, सर्वात गरीब घरांच्या अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. त्याने पोट भरतं, ते कमी लेखू नये. पण ते धान्यच, बहुतेक गहू-तांदूळ. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ हा सणाचा संच आला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होतं. भाजी कशातच नाही.

आता ‘थेट शेतकऱ्याकडून’. मधल्या साखळीबद्दलची तक्रार रास्त आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासानुसार ग्राहक टोमॅटोला देतो त्या रुपयातले साधारण ३३ पैसेच शेतकऱ्याला मिळतात. पण थेट बाजार भरतो कुठे नि कधी? आमच्या सोसायटीच्या आवारात, रविवारी सकाळी नऊला. त्या वेळी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी तिसऱ्या घरी कणीक मळत असतात. त्यांची भाजी रात्री आठनंतर, हातगाडी आवरायच्या वेळी, वाट्यावर. वाट्यातले दोन टोमॅटो नरम निघतात. तेवढा भाग कापून बाकीचे त्या आमटीत घालतात. पाच किलो एकदम घेतले तर स्वस्त पडतील हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. फ्रीज नाही, आणि खिशात त्या दिवसाचेच पैसे.

पुड्याचं म्हणाल तर पोर तो शेवटच्या कणापर्यंत खातं. भाजी न खाता ताटातच ठेवली तर मावशींचे वीस रुपये गेले. दुसऱ्या दिवशी नवा प्रयोग करायला त्यांच्याकडे वीस रुपये नसतात.

मोड आलेली मटकी, शेंगदाणे-गूळ, शेवग्याचा पाला स्वस्त आणि कसदार आहे, एवढं त्या फॉरवर्डमध्ये असतं तर मीही पुढे पाठवला असता. मावशी मटकी भिजवतातच.

आणि अक्कलच काढायची तर राज्य सरकारचीही काढू. २०२३ च्या अखेरीस शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं सुरू झालं. मुलं ते आवडीने खात होती. २०२५ च्या जानेवारीत अंड्याचा वेगळा निधी थांबला. द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना सांगितलं गेलं. त्यावर मात्र एकाही ग्रुपवर फॉरवर्ड आला नाही.