मीच मी आहे, याचं प्रतिज्ञापत्र

सहा आठवडे! कोर्टात आमच्या घटस्फोटाची पुढची तारीख सहा आठवड्यांनी. का, तर माझ्या नावात मधे बाबा आहेत की नवरा, हे टेबलाला कळेना.

सकाळी साडेदहाला हजर होते. बोर्डावर बत्तिसावा नंबर. आमचे हे (अजून सहा आठवडे 'हे'च म्हणायचं) रात्रभर बसमध्ये आखडून हैदराबादहून आलेले, मी उरलेली शेवटची रजा टाकून. बाकड्यावर बसून बसून पायाला मुंग्या आल्या. पुकारा झाला तीन चाळीसला. आत जायच्या आधी टेबलावरच्या मॅडमनी फाइल उघडली. आधारवर बोट ठेवलं, पिटिशनवर ठेवलं, परत आधारवर.

"ताई, ह्या कोण?"

मी.

"आणि ह्या?"

त्या पण मीच.

आधारवर माहेरचं नाव. पॅनवर नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव. पासपोर्टवर मधे बाबा आणि शेवटी सासरचं आडनाव, म्हणजे या भूतलावर कधीच नसलेली तिसरी बाई. आणि पिटिशनमध्ये वकिलांच्या ज्युनिअरने सवयीने सासरचं नाव टाइप केलेलं. बरं, हेच कागद, याच टेबलावरून, सात महिन्यांपूर्वी पहिल्या मोशनला, म्हणजे अर्जाच्या पहिल्या सुनावणीला, बिनबोभाट गेले होते. तसं सांगितलं तर उत्तर काय? "तेव्हा मी रजेवर होते."

यावर माणसाने काय बोलावं!

"वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत, असं अ‍ॅफिडेव्हिट आणा." म्हणजे मीच मी आहे, हे मीच लिहून द्यायचं, आणि मी लिहून दिलं की ते खरं. मग मी तोंडाने सांगतेय ते काय खोटं होतं? जिना उतरून खाली. झाडाखालचा टायपिंगवाला म्हणाला, पाचशेचा स्टॅम्प लागेल. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागत नाही असं सरकारच सांगतं. पण ते सरकारने येऊन त्या टायपिंगवाल्याला सांगावं, माझ्याच्याने होणार नाही. पूर्वी निदान शंभरात भागायचं, ऑक्टोबर २०२४ मध्ये तो शंभराचा कागदही गेला. त्यात त्याने माझं वय त्रेसष्ट टाइप केलं. छत्तीसचं त्रेसष्ट! पुन्हा प्रिंट, त्याचे वेगळे वीस. नोटरी जेवून आलेले नव्हते. पावणेपाचला वर पोचले तेव्हा जजसाहेब उठले होते आणि मॅडम पर्सची चेन लावत होत्या.

"मूलबाळ नाही ना? मग काय, दोन मिनिटांचं काम." हे वाक्य मी दोन वर्षं ऐकतेय. मावशी, शेजारच्या काकू, ऑफिसातला तो सगळ्यातलं सगळं कळणारा प्राणी. मूल नाही, पोटगी नाही, फ्लॅट भाड्याचा होता तो सोडला. कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी, दीड पानाच्या, त्यातही अर्धं पान पत्त्यांचं. मिक्सर मला, गीझर त्याला. भांडणच नाही, तर या लोकांना पुढे काय करायचं ते सुचत नाही. आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटत आलो असतो तर चार माणसं धावली असती.

समुपदेशक बाईंचं तर मी आयुष्यात विसरणार नाही. पहिल्या मोशनच्या वेळी मला एकटीला आत बसवलं, पंखा फुल केला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एखादं मूल झालं असतं तर टिकलं असतं हो." अहो, आमचं कुंडीतलं मोगऱ्याचं झाड टिकलं नाही! पाणी कोणी घालायचं यावरून सुकलं. आणि त्याला बाहेर काय विचारलं? "जेवण वेळेवर मिळत होतं ना?" स्वयंपाक तोच करायचा.

ते सहा महिने वेगळेच. परस्परसंमतीच्या घटस्फोटाचं १३-ब कलम १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात आलं तेव्हापासून हा विचार करायचा वेळ त्यात आहे. आधी वर्षभर वेगळं राहा, मग अर्ज करा, मग आणखी सहा महिने थांबा, न जाणो प्रेम उफाळून आलं तर. सुप्रीम कोर्टाने २०१७ साली सांगितलंय की सगळं मिटलेलं असेल, दीड वर्ष वेगळे राहत असाल, तर हे सहा महिने माफ होऊ शकतात. आम्ही दोन वर्षं वेगळे. वकीलसाहेब म्हणाले, "कशाला आणखी एक अर्ज, सहा महिने असे जातील." असे! त्यांना मी मेसेज केला की ते अंगठा पाठवतात. काहीही लिहा, अंगठा. आज नावाचा घोळ कळवला, त्यावरही अंगठा.

आणि आता कबूल करते. जिन्याखाली आम्ही भांडलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. निमित्त झेरॉक्स. मी म्हटलं, पॅनची कॉपी तू आणायची होतीस. तो म्हणाला, तुझं पॅन मी कशाला ठेवू. मी म्हटलं, मग स्टेपलर तरी आणायचा. आवाज एवढा चढला की एक पट्टेवाला येऊन म्हणाला, "कॉन्टेस्टेड केस पलीकडच्या हॉलमध्ये."

लग्नानंतर सात वर्षं तो मागे लागला होता, आधारवरचं नाव बदल, बदल. मी आळस केला. आज तो "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाही. नुसता बघत राहिला. त्या बघण्यासाठीच मी घटस्फोट घेतेय, पण पिटिशनमध्ये तसं लिहिता येत नाही. आणि शेवटी जिंकलं कोण? सगळ्या कागदांत ते आधारच एक असं, की उद्या डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम, मिळाल्यावर बदलावं लागणार नाही.

मग त्याने दोन वडापाव आणले. माझ्यात हिरवी चटणी घालू नका, हे त्याच्या लक्षात होतं. वैताग.

आत्ता साडेदहाला मेसेज आलाय, बस सोलापूरला जेवायला थांबलीय म्हणे. खाली लिहिलंय : 'त्या अ‍ॅफिडेव्हिटच्या दोन झेरॉक्स काढून ठेव. विसरशील.'

एकही काढलेली नाही.