येझदी, मी आणि डावा हात

अण्णांचं 2011 साली मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि "चार दिवस राहू दे" म्हणून त्यांनी आपली येझदी मोटरसायकल मागच्या पडवीत लावली. ते चार दिवस यंदा दिवाळीच्या साफसफाईत संपले. मधल्या चौदा वर्षांत गाडी काही बसून नव्हती. सीटवर कुरडयांची परात बसायची, हँडलला लसणाच्या जुड्या लटकायच्या आणि आरशात बघून मी दाढी करायचो.

"एक तर चालवा, नाहीतर भंगारात द्या," सौ. म्हणाली. अण्णांना एरवी कानाशी ओरडून सांगावं लागतं, पण 'भंगार' हा शब्द त्यांनी ओसरीवरून ऐकला आणि संध्याकाळचा चहा घेतला नाही. मग काय करता!

मला वाटलं होतं, नवं पेट्रोल ओतायचं, किक मारायची आणि गल्ली दणाणून सोडायची. 1992 ची रोडकिंग. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. आणि गिअरची दांडी आत दाबून उलटी फिरवली की तिचीच किक होते. एका दांडीत दोन कामं, आमच्या घराण्याला शोभेलशी काटकसर. मी दांडी फिरवली, पाय ठेवला, सगळं वजन टाकलं. दांडी हलली नाही. मी मात्र वर गेलो आणि तिथेच उभा राहिलो, टिळकांच्या पुतळ्यासारखा.

"चोक दे," खुर्चीतून अण्णा.

इंजिन जाम होतं. थंड इंजिनाला जरा जास्त पेट्रोल पाजणारा चोक देऊन काही होणार नव्हतं. पण अण्णांच्या मते सर्दीपासून कर्जापर्यंत सगळ्यावर चोक हाच उपाय. एअर फिल्टर उघडला तर आत उंदराचं बाळंतपण झालेलं. सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. पडवीत सगळ्यांनी संसार थाटले होते.

शेवटी गाडी ढकलत साताऱ्यातल्या गोडोलीला मिस्त्रींकडे निघालो. दोन्ही चाकं बसलेली. बसल्या टायरची गाडी ढकलणं म्हणजे रुसलेल्या म्हशीला बाजारात नेणं. वाटेत प्रत्येकाला चौकशी करायचीच होती.

"काय वो, बंद पडली का?"

"हो."

"कवा?"

"2011 ला."

मिस्त्रींनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. मी म्हटलं, "चालू होईल ना?"

"चालू व्हायला काय लागतंय सायेब? चालू म्या उद्या करून दीन. थांबायची कशी, ते बोला."

त्यांनी मागच्या टायरवर थुंकी लावून अंगठ्यानं पुसलं आणि चार आकडे दाखवले: 1908. मी घाबरलो, गाडी इतकी जुनी? तर तो 2008 सालचा एकोणिसावा आठवडा निघाला. टायर कधी बनला ते असं त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं आणि मी जन्मभर ते नक्षी समजत होतो. "नक्षी बघा किती शाबूत हाय," मिस्त्री म्हणाले आणि टायर मुडपला. कडेला उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा. ब्रेकचा ड्रम उघडला तर लायनर शूवरून सुटून, भिजल्या बिस्किटासारखं त्यांच्या हातात आलं. क्लचची केबल ओढली, ती ओढलेलीच राहिली.

इंजिनाचं त्यांनी सगळ्यात शेवटी बघितलं. प्लग काढून भोकातून तेल सोडलं आणि म्हणाले, "आठ दिवस मुरू द्या." लोणचंच म्हणा की. नवव्या दिवशी पिस्टन गुमान हलला. कार्बोरेटरमधलं पेट्रोल आटून काकवी झालेली आणि जेटच्या केसाएवढ्या भोकात ती घट्ट बसलेली. टाकीत मूठभर नट आणि डिझेल घालून पोऱ्यानं तासभर खुळखुळा वाजवला, तेव्हा बाहेर जे आलं ते डबीत भरलं असतं तर तपकीर म्हणून खपलं असतं. रबरी नळ्याही बदलल्या. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही, असं मिस्त्रींचं म्हणणं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नव्यानं. म्हणजे आमची 2012 सालीच संपलेली. विमा, पीयूसी, 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना लागणारी ती नवी नंबरप्लेट, सगळं आलं. चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची होती, तर नंबरावर चौदा वर्षांचं मेण. अर्धा तास खरवडल्यावर एम एच 11 च्या या लेकीची ओळख पटली.

पंपावर तर पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. येझदी टू-स्ट्रोक, तिचं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, म्हणून लिटरला चाळीस मिली टू-टी ऑईल मी टाकीतच ओतत होतो. "काका, ऑईल इंजिनात टाकत्यात," ते हळूच म्हणालं. त्याचा जन्म बहुधा गाडी पडवीत गेल्यानंतरचा.

गाडी चालू झाली त्या दिवशी मिस्त्रींच्या दारात निळा धूर झाला, शेजारच्या बाईनं दार लावून घेतलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं. ते 'टण्‌टण्‌टण्‌' ऐकून मी थेट यवतेश्वरचा घाट चढायच्या गोष्टी करू लागलो.

"चढाल वो," मिस्त्री म्हणाले. "उतरायचं कसं? टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक कमी. आन् उताराला थ्रॉटल मिटून बसलात तर पेट्रोल तुटतंय, म्हंजी ऑईल बी तुटतंय. इंजिन धरंल, परत जाम हुईल. मधनंमधनं थ्रॉटल देत यायचं. समजलं?"

समजलं. नवे टायर, नवे लायनर, नव्या केबली. ब्रेक असे, की मिस्त्रींनी स्वतः फेरी मारून दारातल्या फरशीच्या रेषेवर चाक उभं केलं. मग मी बसलो. पहिला, दुसरा, तिसरा. गोडोलीचा तो छोटा उतार, वारा, पोरं बघतायत. एवढ्यात बोळातून एक शेळी रस्त्यात आली आणि मी सगळा जीव एकवटून ब्रेक दाबला.

डाव्या हातानं.

चौदा वर्षं मी बिनगिअरची स्कूटर चालवतोय. तिचा मागचा ब्रेक डाव्या हातात. येझदीच्या डाव्या हातात क्लच. मी जितका जोरात दाबत होतो, तितकी गाडी मोकळी होऊन जास्तच पळत होती. उजवा पाय, जिथे खरा ब्रेक होता, तो नुसता आरामात पायदानावर. शेळी शहाणी, बाजूला झाली. मी एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगात पुढच्या चाकासकट गेलो आणि तिथे मात्र अगदी मऊ थांबलो.

मिस्त्री पळत आले. आधी गाडी उचलली. पुढचं चाक फिरवून बघितलं, स्पोक चाचपले, टाकीवरची वाळू बाहीनं पुसली. मग माझ्याकडे बघितलं.

"गाडीचं काम झालं वो," म्हणाले. "आता तुमाला किती दिवस ठिवू?"

गेले आठ दिवस मी पहाटे मैदानावर पंचवीसच्या स्पीडनं गोल फिरतोय. अण्णा कट्ट्यावर बसून असतात. मी समोरून गेलो की ते हात वर करतात. त्यांनी हात वर केला की मी उजवा पाय दाबायचा, असं ठरलंय. काल त्यांनी डास मारायला हात वर केला आणि मी जागच्या जागी थांबलो.

"चोक दे," अण्णा म्हणाले.